गाणं जाणणाऱ्या घरासाठी ग्वाल्हेर: तीन दिवसांचा बेत

प्रश्न असा आला आहे: पुण्याचं एक कुटुंब, नवरा-बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या आई. आई गांधर्व महाविद्यालयाच्या विशारद, गुडघे कुरकुरतात पण उत्साह दांडगा. डिसेंबरमध्ये तीन दिवस हाताशी आहेत. ग्वाल्हेर पाहायचं आहे, आईंना गाणं ऐकवायचं आहे, आणि जमलं तर आग्रा आणि ओरछाही उरकायचं आहे. कसं बसवावं?

मी बरीच वर्षं गाण्याची आवड असलेल्या मंडळींच्या छोट्या सहली ग्वाल्हेरला नेते. आग्रा आणि ओरछा काढून टाका, हे माझं पहिलं सांगणं. ग्वाल्हेरचं सगळ्यात मोठं नुकसान होतं ते ‘वाटेत आहे, अर्ध्या दिवसात किल्ला पाहू’ या हिशोबाने. आग्रा इथून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, ओरछाही साधारण तेवढंच. नकाशावर हे सोपं दिसतं. पण ओरछ्याला एक रात्र राहिल्याशिवाय काही हाती लागत नाही आणि ताजमहालाच्या रांगेत एक अख्खा दिवस जातो. तीन दिवस आणि दोन रात्री पूर्ण ग्वाल्हेरला द्या. फक्त संध्याकाळी मोकळ्या ठेवा. या शहरात संध्याकाळ महत्त्वाची आहे.

तारखा ठरवण्याआधी तानसेन समारोहाच्या तारखा पाहा. १९२४ साली शिंद्यांच्या दरबारने तानसेनच्या उरुसाच्या निमित्ताने सुरू केलेला हा उत्सव २०२४ मध्ये शंभराव्या वर्षी पोचला. डिसेंबरच्या मध्यापासून शेवटच्या आठवड्यापर्यंत कधीतरी चार-पाच दिवस तो असतो. तारखा दरवर्षी बदलतात आणि मध्य प्रदेश शासनाचा संस्कृती विभाग त्या जाहीर करतो. प्रवेश खुला असतो. तुम्ही डिसेंबरमध्येच निघणार आहात, तर चार दिवस इकडे-तिकडे करून समारोहातल्या निदान दोन सभा मिळतील असं पाहा. रेल्वेचं आरक्षण त्यानंतर.

सकाळची हरिकथा आणि मिलाद चुकवू नका. समारोहाची परंपरेने होणारी सुरुवात तीच आहे: तानसेनच्या समाधीपाशी सनई, मग हरिकथा, मग मिलाद, म्हणजे पैगंबरांचं गुणगान. हरिकथा ढोलीबुवा महाराजांच्या परंपरेकडे आहे. आपल्याकडच्या कीर्तनाशी नातं सांगणारी ती शैली सूफी संत मुहम्मद घौसांच्या दर्ग्याच्या आवारात ऐकताना आईंना काहीही समजावून सांगावं लागणार नाही. संध्याकाळच्या सभा लांबतात आणि मंडप चारही बाजूंनी उघडा असतो. डिसेंबरात रात्रीचं तापमान एक आकडी होतं. पुण्याची थंडी गृहीत धरून एक स्वेटर घेऊन येणारी माणसं नऊ वाजता कुडकुडत उठून जातात आणि मुख्य गायक त्यानंतर बसतो. आईंसाठी कानटोपी, लोकरी मोजे, जाड शाल आणि बसायला घडीची चटई असू द्या. थर्मासमध्ये गरम पाणीही. समारोपाच्या सभा तानसेनच्या जन्मगावी बेहटला आणि गुजरी महालात होण्याचा प्रघात आहे. बेहट शहरापासून साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. तिथलं कललेलं शिवमंदिर आणि तानसेनच्या आवाजाने ते कललं ही गोष्ट गावकरी तुम्हाला सांगतीलच. वेळ जुळली तर ही सभा घ्या. खेड्यातल्या त्या सकाळीसारखी बैठक शहरात मिळत नाही.

समारोह हुकला तर? मग एक गोष्ट आधीच मान्य करून या. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरीचा दर्जा दिला, हे खरं. पण म्हणून रोज संध्याकाळी तिकीट काढून मैफल ऐकता येते असं नाही. इथलं गाणं शाळांत, घरांत आणि शिकवण्यांत आहे. माधव संगीत महाविद्यालय १९१८ पासून चालू आहे. संगीतशास्त्रकार भातखंडे आणि ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी मिळून ते उभं केलं. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये काढलेलं शंकर गांधर्व महाविद्यालय आहे. राजा मानसिंह तोमर यांच्या नावाचं संगीत आणि कला विद्यापीठ २००८ मध्ये झालं. आधी पत्र किंवा फोन करून ‘आई विशारद आहेत, वर्ग ऐकायला बसू देता का’ असं रीतसर विचारा. दारात जाऊन उभं राहू नका. ग्वाल्हेरात गाणं शिकलेल्या वडीलधाऱ्या माणसाला मान मिळतो. विनंती आईंच्याच नावाने करा.

तुमच्या आईंसाठी हा प्रवास नुसता पर्यटनाचा नाही, हे मुलीला निघण्याआधी सांगा. ग्वाल्हेरच्या दरबारातले हद्दूखाँ आणि हस्सूखाँ यांची ख्यालगायकी वासुदेवबुवा जोशींकडे आली, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. बाळकृष्णबुवा ती घेऊन महाराष्ट्रात परतले. मिरजेला त्यांच्याकडे विष्णू दिगंबर पलुस्कर शिकले आणि १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. आई ज्या परीक्षांना बसल्या त्यांचा धागा असा थेट या किल्ल्याखालच्या गल्ल्यांपर्यंत जातो. सावंतवाडीकडचे रामकृष्णबुवा वझेही इथेच येऊन निसार हुसेनखाँकडे शिकले. ही सगळी माणसं त्या काळी जे हाल सोसून इथवर आली, ते आठवलं की आपल्या आरक्षित डब्यातल्या रात्रीबद्दल तक्रार सुचत नाही.

म्हणून येण्याआधीचे पंधरा दिवस घरात रोज अर्धा तास ग्वाल्हेर घराण्याचं गाणं ऐका. माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकाला मी हे करायला लावते, आणि किल्ल्यावर कोण किती पाहतं यातला फरक मला तिथे स्पष्ट दिसतो. कृष्णराव शंकर पंडितांपासून सुरुवात करा. मग द. वि. पलुस्कर, मालिनी राजूरकर, वीणा सहस्रबुद्धे, उल्हास कशाळकर. मुलीला राग ओळखायला सांगू नका. तिला इतकंच ऐकायला सांगा: गायक बंदिशीचे दोन भाग, स्थायी आणि अंतरा, किती लवकर पूर्ण मांडतो? ग्वाल्हेरच्या गाण्यात बंदीश आधी नीट उभी राहते आणि मग तिच्या आधाराने बहलावे (स्वरांचा सावकाश विस्तार), बोल-ताना (बंदिशीचे शब्द घेऊन केलेल्या ताना), सपाट ताना (सरळ चढत-उतरत जाणाऱ्या) असं एकेक अंग येतं. लय फार संथ नसते. तिलवाडा, झुमरा असले ताल चालत्या मध्य-विलंबितात येतात आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आहे ते ऐकणाऱ्याला हरवू देत नाहीत. मालिनीताईंचा टप्पा, म्हणजे झपाट्याच्या तानांनी भरलेला गानप्रकार, लावलात तर मुलगी आपणहून दुसऱ्यांदा लावेल.

आता प्रवास. मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम एक्सप्रेस, गोव्याकडून पुणेमार्गे येणारी गोवा एक्सप्रेस आणि कोकण, पनवेल, नाशिकवरून जाणारी मंगला, या सगळ्या ग्वाल्हेरला थांबतात. नागपूरकरांना तर दिल्लीकडे जाणाऱ्या कित्येक गाड्या आहेत. पुण्या-मुंबईच्या गाड्या दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पोचतात, म्हणजे पहिल्या दिवसाची फक्त संध्याकाळ हाती लागते. घरून निघायचा दिवस तीन दिवसांत धरू नका, तो वेगळा ठेवा. दिल्लीपर्यंत विमानाने येणार असाल तर सकाळची शताब्दी साडेतीन तासांच्या आसपास आणून सोडते.

ग्वाल्हेर म्हणजे तीन गावं मिळून झालेलं शहर आहे. किल्ल्याच्या पायथ्याचं जुनं ग्वाल्हेर, दौलतराव शिंद्यांच्या १८१० च्या छावणीतून वाढलेलं लष्कर आणि पूर्वेचं मुरार. राहायला लष्कर किंवा स्टेशनजवळचा भाग घ्या. सगळं तिथून वीस-पंचवीस मिनिटांत येतं. पोचल्याच्या संध्याकाळी फक्त महाराज बाड्यावर जा. व्हिक्टोरिया मार्केट, टाऊन हॉल, पोस्ट, बँक, छापखाना अशा इमारती एकाच चौकाभोवती, प्रत्येकीची धाटणी निराळी. त्यामागे गोरखी, म्हणजे शिंद्यांचा जुना वाडा आणि देवघर. आजूबाजूला पाटणकर बाजार, फालका बाजार, शिंदे की छावनी अशी नावं लागतात आणि म्हाताऱ्या दुकानदाराशी मराठीत बोललात तर बऱ्याचदा उत्तरही मराठीत येतं, जरा जुन्या वळणाचं. कचोरी तिथेच खा. नया बाजारातले बहादुराचे बुंदीचे लाडू साजूक तुपातले आणि गरम मिळतात. घरी नेण्यापुरते थांबू नका, तिथेच खा.

दुसरा दिवस किल्ल्याचा. यात क्रम फार महत्त्वाचा आहे. किल्ल्याला दोन वाटा आहेत. पश्चिमेची उरवाई दरवाज्याची वाट गाडीची. पूर्वेची किला गेटकडची वाट पायी, चढणीची आणि फरसबंद. बहुतेक लोक एकाच वाटेने जाऊन येतात. तुम्ही गाडीने उरवाईकडून वर चढा आणि ज्यांना जमेल त्यांनी पूर्वेकडून पायी खाली उतरा. गाडी आईंना घेऊन वळसा घालून किला गेटपाशी येऊन थांबेल. चालकाशी हे निघतानाच ठरवा आणि भाडंही तेव्हाच ठरवा.

सकाळी साडेसातला निघा. त्याआधी बेडई खा: उडदाच्या डाळीचं सारण भरलेली फुगीर पुरी आणि तिखट बटाट्याचा रस्सा. उरवाईच्या वाटेवर दोन्ही बाजूंच्या कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती येतात. पंधराव्या शतकातल्या, डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह तोमरांच्या काळातल्या. सर्वांत मोठी आदिनाथाची मूर्ती सुमारे सत्तावन्न फुटांची आहे. बाबराने १५२७-२८ च्या सुमारास इथल्या मूर्ती फोडायला लावल्या. पुष्कळ चेहरे तेव्हा गेले, काही नंतर चुन्याने दुरुस्त केलेले दिसतात. गाडी इथे थांबवायला सांगा, आईंना खाली उतरून दोन पावलांवरून पाहता येतात.

वर पोचल्यावर आधी गुरुद्वारा आणि तेली का मंदिर, ती एकमेकांच्या जवळ आहेत. जहांगीरने गुरू हरगोबिंदांना या किल्ल्यात कैद केलं होतं. सुटताना त्यांनी आपल्याबरोबर बावन्न राजांना सोडवलं, त्याच्या स्मरणाचा हा दाता बंदी छोड गुरुद्वारा. डोकं झाकायला ओढणी असू द्या. लंगर साधा आणि उत्तम असतो. तेली का मंदिर आठव्या-नवव्या शतकातलं, किल्ल्यावरची सर्वांत उंच वास्तू. त्याचं छत नेहमीच्या शिखरासारखं नाही, लांबट पिंपासारखं गोलाई घेतलेलं आहे. उत्तरेत असं छत क्वचित दिसतं. तिथून पूर्वेच्या कड्यावर सास-बहू मंदिरं. मोठ्या मंदिरातला शिलालेख १०९३ चा आहे, कच्छपघात राजा महीपालाच्या काळचा. आतल्या मंडपात मान वर करून छत पाहा आणि मग बाहेरच्या कठड्यावर बसा. सगळं जुनं ग्वाल्हेर खाली पसरलेलं असतं.

मान मंदिराला निदान एक तास द्या. राजा मानसिंह तोमराने, १४८६ ते १५१६ या त्याच्या राजवटीत, हा राजवाडा बांधला. ध्रुपद या ख्यालाआधीच्या गायनप्रकाराला दरबारी प्रतिष्ठा मिळाली ती याच राजाच्या आश्रयाने, आणि पुढे अकबराच्या दरबारातल्या गवयांच्या यादीत ‘ग्वाल्हेरचा’ अशी ओळख असलेली बरीच नावं आली त्याचं मूळ इथे आहे. बाहेरच्या भिंतीवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या चकाकत्या फरशा बसवल्या आहेत. घाईत जाणाऱ्यांना फक्त निळा रंग दिसतो. तुम्ही भिंतीपासून थोडं मागे सरका आणि पट्ट्या एकेक करून वाचा: पिवळ्या बदकांची रांग, मग केळीची झाडं, मग हत्ती, मगरी. बदकं एकामागोमाग एक एकाच दिशेने चाललेली आहेत. पाचशे वर्षांच्या उन्हापावसात काही फरशा गळाल्या, पण जिथे त्या टिकल्या तिथे पिवळा अजून पिवळाच आहे. सकाळच्या उन्हात हे उत्तम दिसतं, म्हणून तर दुपार होऊ द्यायची नाही.

आतले दोन चौक लहान आहेत. दगडी जाळ्यांमागच्या दालनांत राण्या गाणं ऐकत आणि शिकत असं सांगतात. मुलीला चौकाच्या मधोमध उभं करून आईंना सा लावायला सांगा. गर्दी नसेल तर त्या दगडी चौकात स्वर कसा फिरतो ते कळतं. मग तळघरं. अरुंद, गोल फिरत जाणारे जिने, अंधार, वटवाघळांचा वास. आईंना तिथे नेऊ नका. उन्हाळ्यात गारव्याला बसण्यासाठी बांधलेल्या याच खोल्यांचा मोगलांनी तुरुंग केला. औरंगजेबाचा भाऊ मुराद याला १६६१ मध्ये या किल्ल्यावरच मारलं. विजेरी आणा, मोबाईलचा उजेड पुरत नाही. आणि दारावर परवानाधारक मार्गदर्शक मिळतात, त्यांच्यातला एक नक्की घ्या. इथे पाटीवर फार कमी लिहिलं आहे.

आता पायी उतरायचं. हाथी पोळ या दरवाज्यातून बाहेर पडलं की वर पाहा, राजवाड्याची भिंत डोक्यावर येते. खाली येताना वाटेत एकाच कातळात कोरलेलं छोटं चतुर्भुज मंदिर लागतं. या मंदिराशी न थांबता जाणारे लोक पाहिले की मला खरोखर वाईट वाटतं. आतल्या भिंतीवर ८७६ सालचा लेख आहे. देवाला रोज पन्नास हार मिळावेत म्हणून दिलेल्या बागेची मापं त्यात आहेत, लांबी २७० हात. त्या २७० मधलं शून्य शोधा. बाजूच्या आकड्यांपेक्षा लहान, थोडं वर उचललेलं, बोटाच्या नखाएवढं वर्तुळ. ५० मध्येही तसंच. भारतात कोरलेल्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी हे आहे, आणि ते कुठल्या गणिताच्या पोथीत नाही, हारांच्या हिशोबात आहे. दार लावलेलं असेल तर जवळच्या कर्मचाऱ्याला विनंती करा. मुलीने फोटो काढून खाली आईंना दाखवावा.

पायथ्याशी गुजरी महाल. मानसिंहाने आपली राणी मृगनयनी हिच्यासाठी बांधलेला, आता राज्याचं पुरातत्त्व संग्रहालय. गूजरी तोडी रागाचं नाव परंपरा तिच्याशीच जोडते. संग्रहालय सोमवारी बंद असतं, म्हणून किल्ल्याचा दिवस सोमवार धरू नका. इथली ग्यारसपूरची शालभंजिका, म्हणजे झाडाशी उभ्या स्त्रीची मूर्ती, बंदोबस्तात ठेवलेली असते. मूर्ती लहान आहे, हात आणि पाय तुटले आहेत, तरी उभं राहण्यातला तोल आणि ओठांवरचं हसू शाबूत आहे. जाळीतून असलं तरी सावकाश पाहा.

दुपारी हॉटेलवर झोपा. खरंच झोपा, कारण संध्याकाळी तानसेनच्या समाधीकडे, हजीरा भागात जायचं आहे. किला गेटपासून जवळच मुहम्मद घौसांची कबर आहे, चार कोपऱ्यांना बुरूज आणि चारही बाजूंनी दगडी जाळ्या. आत शिरा आणि मावळतीच्या बाजूच्या जाळीसमोर उभे राहा. एका जाळीची नक्षी दुसरीसारखी नाही, षटकोनांतून तारे आणि ताऱ्यांतून पुन्हा षटकोन निघतात, आणि कलतं ऊन ते सगळं जमिनीवर टाकतं. त्याच आवारात बाजूला तानसेनची कबर, उघड्या खांबांचा साधा छोटा मंडप. इतक्या मोठ्या नावाची इतकी लहान जागा पाहून लोक ‘एवढंच?’ म्हणतात. परंपरेने तानसेन घौसांचा शिष्य, आणि शिष्याची जागा गुरूशेजारी अशीच असणार. शेजारच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणून गवयांनी पिढ्यान्‌पिढ्या तो ओरबाडला. आता दिसतं ते मूळ झाड नव्हे. आईंनी एक पान जिभेवर ठेवावं, तो मान त्यांचा आहे.

तिसऱ्या दिवसाबद्दल थोडक्यात. सकाळी जयविलास राजवाडा. १८७४ मध्ये जयाजीरावांनी बांधलेला, दरबार हॉलमध्ये प्रत्येकी साडेतीन टनांची दोन झुंबरं, मेजवानीच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी. चालणं खूप आहे, आईंना मधे बसवत न्या. २०२२ मध्ये उघडलेलं मराठ्यांच्या इतिहासाचं दालन मात्र घाईने पाहू नका. सुट्टीचा वार आणि वेळा आदल्या दिवशी तपासा. मग फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी. जून १८५८ मध्ये त्या इथेच पडल्या. भा. रा. तांबे ग्वाल्हेरातच राहिले, इथेच गेले, आणि या समाधीवरची त्यांची कविता आईंना पाठ असणार. त्यांनी म्हणावी, मुलीने ऐकावी. तिथून जीवाजी गंजातलं सरोद घर, हाफिज अली खाँ आणि अमजद अली खाँ यांच्या घराण्याचं जुनं घर. जुनी वाद्यं इथे काचेआड हाताच्या अंतरावर दिसतात. वेळ उरलाच तर छत्री बाजारातल्या शिंद्यांच्या छत्र्या. मुरारचं सूर्यमंदिर अलीकडचं आहे, ते सोडलंत तरी चालेल.

आई थकल्या असतील तर जयविलासनंतर त्या विश्रांती घेतील आणि बाकीच्यांनी मुरैना जिल्ह्यातल्या बटेश्वरला जावं. पस्तीस-चाळीस किलोमीटर, अर्धा दिवस. प्रतिहार काळातली सुमारे दोनशे लहान मंदिरं ढिगाऱ्यात पडली होती. २००५ पासून पुरातत्त्व खात्याच्या के. के. मुहम्मद यांनी दगडाला दगड जुळवून त्यातली कितीतरी पुन्हा उभी केली. जवळच पडावली आणि टेकडीवरचं मितावलीचं गोल चौसष्ट योगिनी मंदिर. पायऱ्या शंभराच्या घरात आहेत. अंधार पडण्याआधी परत फिरा, रस्ते अरुंद आहेत आणि वाटेत खायला काही नाही.

मुरैन्याची गजक, म्हणजे तिळाची खुसखुशीत मिठाई, थंडीतच घ्यायची असते. गुळाची घ्या, कुटून पापुद्रे सुटलेली, आणि पिशवीत वरच ठेवा, दाबली तर भुगा होतो. परतीच्या तिकिटाबाबत एकच काळजी: डिसेंबरच्या उत्तरार्धात धुकं पडलं की दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या कित्येक तास उशिरा येतात. दिल्लीहून विमान पकडायचं असेल तर एक रात्र मधे ठेवा. थेट रेल्वेने परतणार असाल तर दुसऱ्या दिवशी कुणाचीही परीक्षा किंवा डॉक्टरची वेळ ठेवू नका, आणि हॉटेलवाल्याला खोली संध्याकाळपर्यंत लागेल हे पोचल्या दिवशीच सांगून ठेवा.